शेवंताकाकूंची जीभ

लग्नाला गेलं की माणसं आधी नवरी बघतात. शेवंताकाकू आधी लोणचं बघतात. मुठीत अक्षता तशाच धरून त्या मांडवाच्या मागं आचाऱ्याकडं जातात, बरणीचं झाकण उघडायला लावतात, नाक खाली नेतात आणि करंगळीच्या पेरावर थेंबभर खार घेऊन जिभेच्या टोकाला लावतात. मग डोळे मिटतात. तेवढा वेळ आचारी हातातला झारा खाली ठेवून उभा असतो. डोळे उघडून काकू "अजून येळ हाय" म्हणाल्या, की त्या मांडवात लोणचं दुसऱ्यांदा कुणी मागत नाही. नवरी कशी होती, हे त्यांना परतीच्या वाटेवर आम्ही सांगायचं.

काकू माझ्या शेजारी. आमच्या दोघींच्या घरांत एक भिंत आहे आणि तिच्यातून वास बिनदिक्कत ये-जा करतात. मी लातूरची, लग्न होऊन तेरला आले आणि इथल्याच शाळेत शिकवायला लागले. पहिल्या उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घातलं आणि मोठ्या तोऱ्यात वाटीभर काकूंकडं घेऊन गेले. चाखलं, डोळे मिटले, उघडले. "बाई," त्या म्हणाल्या, "ह्ये लोणचं न्हाय. मीठ लावल्याली कैरी हाय ही." आणि वाटी धुऊन, तीत दोन भाकरी घालून परत दिली. त्यानंतर माझं लोणचं बरंच सुधारलं आहे असं आमच्या घरचे म्हणतात, पण आमच्या घरच्यांना काय कळतंय!

मडकं थापटून कच्चं की पक्कं सांगणाऱ्या कुंभाराचं आमचं गाव. त्यानं थोरामोठ्यांची डोकीसुद्धा थापटून बघितली होती, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. काकूंचं म्हणणं असं, की ती विद्या गावाच्या पाण्यातच आहे, फक्त त्यांच्या वाट्याला ती हातात न येता जिभेत आली. चिंच किती उन्हाळ्यांची, गूळ कोणत्या महिन्यातला, तूप कढवताना कुणाचं लक्ष चुलीवर होतं आणि कुणाचं मोबाइलवर, हे सगळं त्या सांगतात. माणसांनाही तेच माप. नवा ग्रामसेवक रुजू झाला, तेव्हा त्याचं भाषण ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्याला अजून मीठ न्हाय लागलं." आणि गेलेल्या काकांबद्दल त्या इतकंच सांगतात, "ह्यास्नी मुरायला तीस वर्सं लागली. मुरले, लई ग्वाड झाले, आन् गेले."

जिभेला हाड नसतं म्हणतात. काकूंच्या जिभेला आहे. तिनं कधी कुणाची भीड धरली नाही. सख्ख्या भावानं बेंबळीहून गुळाची ढेप पाठवली, ती काकूंनी "चुना जास्त हाय" असा निरोप देऊन त्याच गाडीनं माघारी लावली. भाऊ रुसला. दोन वर्षं घरी आला नाही. ह्यांनी राख्या पाठवल्या, दिवाळीचा फराळ पाठवला, तो आजारी पडला तेव्हा त्याच्या उशाशी जाऊन बसल्या, पण शब्द मागं घेतला नाही. मीच एकदा म्हटलं, "काकू, म्हणायचं होतं गोड आहे. काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या, "जीभ एकडाव खोटं बोलली की मंग तिला चव कळत न्हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

काकूंचा महेश एकुलता एक. पुण्यात इंजिनिअर झाला, कंपनीनं इटलीला पाठवला, आणि तिथून एक दिवस फोन आला, की आई, मी लग्न ठरवलंय, मुलगी इथलीच आहे. मी शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता रडारड. काकूंनी जात विचारली नाही, रंग विचारला नाही, भाकरी येते का तेही विचारलं नाही.

"तिच्या घरी काय मुरवतेत?" त्यांनी विचारलं.

महेश गडबडला. "वडील वाइन करतात, आई. डोंगरावर द्राक्षांचे मळे आहेत त्यांचे."

"किती दिस ठिवतेत?"

"चांगली असली तर वीस-वीस वर्षं."

काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि पदरानं डोळे पुसले. "खानदानी मानसं हायती," म्हणाल्या.

लग्न तेरला झालं, ऐन वैशाखात. एलेना, म्हणजे सून, गोरी, उंच आणि हसरी. तिच्याबरोबर सहा वऱ्हाडी आणि प्रत्येकाच्या पेटीत टॉवेलात गुंडाळलेल्या दोन-दोन बाटल्या, कारण विमानतळावर त्याहून जास्त येऊ देत नाहीत. तिचे वडील पिएत्रो. बुटका, मिशाळ माणूस, डोक्यावर सपाट टोपी, आणि आमच्या उन्हात पार उकडून निघालेला. त्यानं त्या बारा बाटल्या ओसरीवर मांडल्या. बारोलो नावाची लाल वाइन. महेश आणि एलेना ज्या वर्षी भेटले, त्या वर्षीच्या द्राक्षांची. त्यांच्याकडची रीत अशी, की दरवर्षी एक बाटली उघडायची, सगळ्यांनी मिळून चाखायची आणि वाइन पिकली का ते ठरवायचं. पिकली, की उरलेल्या सगळ्या त्या वर्षातच संपवायच्या, कारण पिकल्यावर ती थांबत नाही, उतरायला लागते. त्यानं स्वतःच्या तळघरातही तसल्याच बारा ठेवल्या होत्या.

एवढं सांगून त्यानं आभाळाकडं बघितलं, कपाळाचा घाम पुसला आणि एलेनाला काहीतरी म्हणाला. ती सांगावं की नको अशी घुटमळली. शेवटी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा म्हणतात, इथं ती तीन उन्हाळे पण जगणार नाही. फ्रिजमध्ये ठेवा."

झालं. काकूंच्या मुरवण्यावर, त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच व्याह्यानं शंका घेतली. त्या आत गेल्या आणि खापराची काळीभोर बरणी घेऊन आल्या. लिंबाचं लोणचं, त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं. "पाव्हण्यास्नी म्हनावं, हिनं किती उन्हाळं बगितले ते इचारा."

पिएत्रोनं चाखलं. मग त्यानं टोपी काढून हातात घेतली.

आता एक खरं सांगायला हवं, काकूंना राग आला तरी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घोळ घातला. लोणच्याला ऊन दाखवल्याशिवाय ते मुरत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत. पाहुण्यांची गाडी वेशीबाहेर पडली आणि काकूंनी एक बाटली घरावरच्या माळवदावर नेऊन उन्हात मांडली, तोंडाला पांढरं फडकंही बांधलं. दुपारी तिनं बूच उडवलं. ते थेट आमच्या अंगणात, माझ्या वाळवणाच्या कुरड्यांत येऊन पडलं. काकू वरून ओरडल्या, "बाई, इवायाला सांगू नगा!" व्याह्याला मी नाही सांगितलं. उरलेल्या वाइनचा महिनाभरात शिरका झाला, तो त्यांनी मिरच्यांवर ओतला. त्या मिरच्या मात्र काय लागायच्या!

त्या संध्याकाळी काकूंनी पेवाचं तोंड उघडलं.

त्यांच्या अंगणात जमिनीखाली जुनं पेव आहे. आत मोठ्या रांजणासारखं पोट आणि वर माणूस मावेल एवढं तोंड, त्यावर दगड. पूर्वी त्यात वर्षावर्षाची ज्वारी भरून ठेवायचे. आता ज्वारी पोत्यांत राहते आणि पेवं लोक बुजवून टाकतात. काकूंनी बुजवू दिलं नव्हतं. दगड बाजूला करून तोंड दुसरा दिवसभर तसंच उघडं ठेवलं. मग दोरीनं कंदील आत सोडला. आतली हवा कोंडलेली असली तर कंदील विझतो, आणि तो विझला तर माणसानं उतरायचं नसतं. कंदील जळत राहिला. काकू पदर खोचून शिडीवरून खाली उतरल्या आणि उरलेल्या बाटल्या भुश्यात आडव्या निजवून आल्या. वर येऊन म्हणाल्या, "खाली पौष हाय बाई, वर वैशाख असू द्या."

गावात कुजबुज झालीच. बाईमाणसाच्या घरात दारू! काकूंचे दीर दत्तूभाऊजी तर समजूत घालायलाच आले. काकू म्हणाल्या, "दारू कुठं हाय? द्राक्षासव हाय. तुमी खोकल्याला पिताव तेच, जरा शिकल्यालं."

"पर वैनी, परदेशातलं..."

"भाऊजी, दोन हजार वर्सांमागं ह्याच गावात रोमचा माल यायचा, शाळेतली पोरं बी सांगतेत. तवा तुमच्या वाडवडलांनी काय परत धाडला व्हता का?"

शिवाय काकू पीत नाहीत, चाखतात. घोट तोंडात घेतात, गालांत फिरवतात आणि शेताच्या बांधावरच्या शेवग्याच्या बुडात थुंकतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. पिएत्रोनं ते पहिल्यांदा फोनवर बघितलं, तेव्हा तो जागेवरून उठून उभा राहिला.

बाटली उघडायचा दिवस ठरला येळवसचा. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि माठातली आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवायचं. नाताळच्या आसपासच ही अमावस्या येते, आणि तेव्हा महेशला सुट्टी असते. त्यामुळं दरवर्षी येळवसला महेश आणि एलेना तेरला यायचे, आणि भज्जीची पंगत उठली की कोपीपुढं बाटली उघडायची. तिकडं पिएत्रो आपल्या तळघरात आपली बाटली घेऊन फोनसमोर बसलेला.

पहिल्या वर्षी काकूंनी घोट फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "कच्च्या जांभळागत जीभ धरती. आन् कसला बाई वास... नव्या सडकंचा. डांबराचा!" आम्ही सगळे हसलो. एलेना हसली नाही. तिनं वडलांना सांगितलं, तर पिएत्रो खुर्चीतच पुढं सरकला. त्यांच्याकडं बारोलो ओळखायची खूणच ती, म्हणे. डांबर आणि गुलाब. भल्याभल्या पारख्यांना डांबर सापडायला उमर जाते. त्यानं विचारलं, गुलाब सापडला का? काकूंनी पुन्हा हुंगलं. "हाय. पर आजचा न्हाय. देवाला वाहिल्याला, परवाचा."

त्या दिवसापासून पिएत्रो त्यांना उठून नमस्कार घालायला लागला.

दरवर्षी रंग बदलत गेला. पहिल्यांदा डाळिंबाच्या दाण्यासारखा, मग कडेनं विटकरी. तुरटपणा सुपारीवर आला, सुपारीवरून चहावर. मग जुन्या चिंचेचा वास, तंबाखूच्या चंचीचा वास, नव्या वहाणेच्या कातड्याचा. काकू सांगायच्या, एलेना इटालियनमध्ये तिकडं पोचवायची. चार वर्षांत एलेनाचं मराठी असं पक्कं झालं, की ती "लई भारी" आणि "गप बसा की" एका दमात म्हणायची. पिएत्रो आपल्या बाटलीबद्दल सांगायचा आणि दोघं पेवावरून, तळघरावरून कडाकडा भांडायचे. आणि शेवटी निकाल.

"अजून येळ हाय."

म्हणजे पुढच्या येळवसला पुन्हा. महेश कपाळाला हात लावायचा, एलेना हसायची, आणि काकू बूच परत दाबून उरलेली बाटली दत्तूभाऊजींच्या खोकल्यासाठी बाजूला ठेवायच्या. भाऊजींना त्या वर्षांत फार खोकला झाला.

ह्या वर्षी दिवाळीत महेशचा फोन आला. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. तो म्हणाला, "आई, ह्या वर्षी वाइन पिकली असेल तर सगळ्या संपवूनच टाकू. दरवर्षीची धावपळ झेपत नाही आता. मीराची शाळा आहे, एलेनाची नोकरी आहे. मग दोन-तीन वर्षांनी एकदा येत जाऊ. निवांत." मीरा म्हणजे नात, पाच वर्षांची. आणि हो, ह्या वर्षी पिएत्रोही येणार होता, आपली बाटली घेऊन. पेव खरं की तळघर, हे समोरासमोर ठरवायला.

काकूंनी फोन ठेवला. "इवाय येतोय," त्या म्हणाल्या. "दावते त्याला." दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाल्या, "निवांत येऊ म्हनाला."

वर्षभर ही बाई भिंतीपलीकडं एकटीच बोलत असते, भांड्यांशी, बरण्यांशी, मांजराशी. येळवसच्या आधीच्या पंधरवड्यात ते बोलणं थांबतं आणि गाणं सुरू होतं. ते मीच ऐकते, दुसरं कोण ऐकणार? मी शेंगा फोडत राहिले.

येळवस उजाडली. शेत माणसांनी फुललेलं. तेरचा इटालियन व्याही बघायला शेजारच्या शेतांतले लोकही आंबिलीचे पेले हातात घेऊन आले होते. पिएत्रो पंगतीत मांडी घालून बसला, तीनदा भज्जी घेतली आणि आंबील चाखून काकूंकडं बघत अंगठा वर केला. काकू म्हणाल्या, "काल लावलीया. उद्या खरी लागंल." तेही त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं.

मग सामना. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसाव्यात म्हणून एलेनानं त्या महेशच्या लोकरी मोज्यांत घातल्या, एक निळा, एक राखी. कोणती कुठली हे तिला एकटीलाच माहीत. पिएत्रोनं कपड्यांत गुंडाळून काचेचे पेले आणले होते, कारण मागं आम्ही स्टीलच्या पेल्यातून चाखलेलं बघून त्याची दोन दिवस झोप उडाली होती. परीक्षक तिघं, काकू, पिएत्रो आणि मी. दत्तूभाऊजी म्हणाले, "माझा खोकला बी हाय की," म्हणून चौथे.

आधी निळा मोजा. माझी जीभ काही काकूंची नाही, पण घोट तोंडात गेला आणि गाल आत ओढले गेले. चांगलं होतं काहीतरी, पण दार उघडत नव्हतं. मग राखी मोजा. ते कसं सांगू? तुरटपणा होता, पण तो आता कुणाशी भांडत नव्हता. सुकलेला गुलाब, चिंच, पाऊस पडून गेलेल्या मातीचा वास, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ मागं रेंगाळणारा गोडवा. दत्तूभाऊजी खोकायचेच विसरले.

पिएत्रोनं दोन्ही पेले उन्हात धरले. राखी मोज्याची वाइन कडेनं विटेसारखी झाली होती. त्यानं हुंगलं, घोट घेतला, पुन्हा हुंगलं. मग राखी मोज्यावर हात ठेवला. एलेनानं मोजा ओढला. आत पेवातली बाटली, लेबलावर भुश्याच्या काड्या चिकटलेल्या.

एकच गलका झाला. पोरं नाचायला लागली. कुणीतरी भोंगा वाजवला. पिएत्रो उभा राहिला, टोपी काढली आणि भर शेतात काकूंपुढं वाकला. एलेना जोरात सांगत होती, "बाबा म्हणतात, त्यांची अजून झोपलीय. तुमची जागी झाली! तुमचं पेव जिंकलं! आई, पिकली तुमची!"

तीन उन्हाळे म्हणाला होता तो. गावानं काकूंना खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची उचलायला चौघं पुढं झाले. महेश हसत म्हणाला, "चला, ठरलं. उरलेल्या उद्या काढू. घरी बोलवू सगळ्यांना, संपवून टाकू."

काकूंच्या हातात अजून राखी मोज्यातला पेला होता. त्यांनी घोट घेतला नव्हता. आता घेतला. शेवगा दोन पावलांवर होता, पण त्यांनी थुंकायला मानही वळवली नाही. गिळला. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा गिळताना बघितलं. डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा त्या महेशकडं बघत होत्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "अजून येळ हाय."

"आई!" महेश ओरडलाच. "अगं, तू जिंकलीस! सगळे सांगतायत पिकली म्हणून!"

"सगळ्यांना काय कळतंय? कच्ची हाय. अजून एक साल."

लोक हसायला लागले. काही जण चिडले. जिंकलेला सामना कुणी असा परत करतं का? दत्तूभाऊजी म्हणाले, "वैनी, माझ्या जन्मात असलं काय प्यालो न्हाय, आन् तुमी कच्ची म्हनताव?" काकू कुणाकडं बघेनात. पेला दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. भावाला दोन वर्षं रुसू दिलं, पण जिभेला खोटं बोलू दिलं नाही, ती ही बाई. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मला रडू येत होतं.

पिएत्रोनं एलेनाला विचारलं, काय म्हणतायत त्या? तिनं सांगितलं. त्याच्या भुवया चढल्या. त्यानं काकूंकडं बघितलं. मग महेशकडं. मग कोपीच्या सावलीत आजीच्या पदराला धरून उभ्या असलेल्या मीराकडं. मग त्यानं आपला पेला पुन्हा उचलला. फार सावकाश हुंगलं, जरुरीपेक्षा जास्तच. घोट घेतला, गालांत फिरवला आणि डोळे मिटले, अगदी काकूंसारखे. आणि मान हलवली.

एलेना ऐकत होती, आणि तिचा आवाज बदलला. "बाबा म्हणतात... त्यांची चूक झाली. त्यांनी घाई केली. आईंचं बरोबर आहे, अजून कच्ची आहे." ती थांबली. "आणि एक वर्ष नाही. तीन-चार तरी लागतील. आणि ते म्हणतात, दरवर्षी तेही येणार, बघायला."

एलेना वडलांकडं बघतच राहिली. तिची आई केव्हाच गेलेली, आणि दरवर्षी नाताळला हा म्हातारा घरी एकटाच असायचा, आणि त्यावरून फोनवर कुरकुर करायचा, हे तिनंच मला मागं सांगितलं होतं. तिनं महेशच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं आईच्या हातातला पेला घेतला, त्यातला उरलेला घोट प्यायला आणि म्हणाला, "हं. कच्चीच आहे." मग मान खाली घालून म्हणाला, "येतो गं. दरवर्षी येतो. असं कुठं असतं का!"

मग मात्र खुर्ची उचलली गेली. काकू वर, पिएत्रो बाजूनं नाचत, मीरा त्याच्या खांद्यावर, पुढं पोरं, मागं भोंगा, आणि दत्तूभाऊजी दोन्ही बाटल्या छातीशी धरून. अख्ख्या शिवारानं ती मिरवणूक बघितली. कोण जिंकलं, हे कुणालाच नीट सांगता येईना, पण जिंकलं होतं एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. पेवाचं तोंड उघडं होतं, कंदील आत जळत होता. ओसरीवर पिएत्रोनं एलेनाच्या पेटीतून आणलेल्या आणखी दोन बाटल्या होत्या. त्या मीराच्या जन्मवर्षाच्या द्राक्षांच्या. काकू पदर खोचून तयार. मी शिडी धरली.

खाली उतरायच्या आधी त्या माझ्या कानाशी आल्या. "बाई, कुनाला सांगू नगा. ती वाइन पार पिकलीया."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"आन् इवायाला बी कळलं व्हतं."

"तेही माहीत आहे."

त्या जराशा हसल्या. "मला वाटलं, खोटं बोलले, आता चव जानार. तर सकाळी चा प्याले. लई ग्वाड लागला."

बाटल्या एकेक करून मी खाली दिल्या. भुश्याची सळसळ ऐकू येत होती. मी वरून म्हटलं, "काकू, एलेना सांगत होती, ह्या बाटल्यांना निदान वीस वर्षं हात लावायचा नाही."

खाली भुश्याची सळसळ थांबली. मला वाटलं, उगाच बोलले. मग बोटांवर हिशोब केल्याची पुटपुट ऐकू आली, आणि नव्वदीच्या पुढचा कुठला तरी आकडा.

"काकू?"

"ऐकलं मी. थांबते की मंग!" आतून आवाज घुमून आला, खणखणीत. "आन् शिडी नीट धरा बाई. मला आता वीस वर्सं पडून चालनार न्हाय."